हापशाचं पाणी किती साबण खातं? वर्गात पाण्याचा जडपणा मोजायची पद्धत

हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा तो सपशेल फसला. आठवीचा वर्ग होता. पाच बाटल्यांत पाच ठिकाणचं पाणी आणलं होतं: शाळेचा हापसा, पाटलाच्या मळ्यातली विहीर, नवीन बोअर, नळ आणि आरओचा जार. घरून येताना धुण्याची पावडर घेऊन आलो, प्रत्येक बाटलीत चिमूटभर टाकली आणि पोरांना हलवायला सांगितलं. पाचही बाटल्या फेसानं भरल्या. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आमच्या बोअरवर साबण फेसच देत नाही, माय रोज बोंबलायली. इथं कसा काय आला?"

प्रश्न त्याचाच बरोबर होता, चूक माझी होती. धुण्याची पावडर म्हणजे साबण नव्हे. ती कृत्रिम अपमार्जक असते आणि जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळते. त्यासाठीच ती बनवलेली असते. या प्रयोगाला जुन्या पद्धतीचा साबण लागतो, म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून झालेला, जड पाण्यात हरणारा.

दुसऱ्या वेळी साबण बरोबर घेतला, तरी प्रयोग अर्धवटच राहिला. "हापशाला चाळीस थेंब लागले, नळाला पंधरा" एवढं वहीत लिहिलं आणि तास संपला. चाळीस थेंब म्हणजे नेमकं किती जड, हे कुणालाच सांगता येईना, मलाही नाही. त्यामुळे खाली जी पद्धत देतोय तिचा अर्धा भाग साबणाचा आहे आणि अर्धा ‘ज्ञात पाण्याचा’, म्हणजे ज्याचा जडपणा आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा पाण्याचा. हा दुसरा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. तो गाळला तर फेस बघण्याची गंमत होते, मोजमाप होत नाही.

आधी शब्दांचं बघू

पाठ्यपुस्तकात दुष्फेन आणि सुफेन असे शब्द येतात. गावात कुणी दुष्फेन म्हणत नाही; जड पाणी, खारं पाणी, मचूळ पाणी असं म्हणतात. पोरांना हे तिन्ही एकच वाटतं, म्हणून सुरुवातीलाच फोड करून द्यावी. खारटपणा मुख्यतः सोडियमच्या क्षारांचा असतो, जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. एकाच बोअरला दोन्ही असू शकतं, पण चवीला गोड लागणारं पाणीही चांगलंच जड निघतं. (अणुभट्टीत वापरतात त्या पाण्यालाही मराठीत ‘जड पाणी’च म्हणतात. दहावीतला एखादा हुशार हे विचारतोच. त्याचा इथं संबंध नाही.)

आपल्याकडे हा जडपणा येतो कुठून? मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. त्यातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, खडकाच्या भेगांतून हळूहळू सरकतं आणि ही मूलद्रव्यं विरघळवत जातं. खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे ते सहसा अधिक जड असतं. जायकवाडीसारख्या धरणाचं पाणी बहुतांशी पावसाचं, जमिनीवरून वाहून आलेलं, म्हणून तुलनेनं हलकं.

साबण म्हणजे स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो. कॅल्शियम भेटलं की सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि जो नवा क्षार तयार होतो तो विरघळत नाही. न्हाणीतल्या बादलीच्या कडेला बसणारा चिकट पांढरट थर तोच. पाण्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं अडकून संपल्याशिवाय टिकाऊ फेस येत नाही. म्हणजे फेस येईपर्यंत किती साबण खर्ची पडला हे मोजलं की पाण्यात जडपणा किती होता हे कळतं. स्कॉटलंडमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात या कल्पनेवर पाण्याची तपासणी बसवली आणि पुढची जवळपास शंभर वर्षं प्रयोगशाळांमध्ये ती चालली. मग ईडीटीएची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या एका रसायनाची पद्धत आली आणि साबण मागे पडला. शाळेत मात्र साबणच बरा. जे घडतं ते डोळ्यांना दिसतं.

सामान

साबण: वेष्टनावर ‘टीएफएम’ (वडीतल्या मेदपदार्थाचं प्रमाण) हा आकडा शोधा. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा अंगाचा साबण. ‘बेदिंग बार’ लिहिलेली वडी नको; तिच्यात बरेचदा साबण कमी आणि इतर गोष्टी जास्त असतात. रंगीत, मॉइश्चरायझरवाला, पारदर्शक, असलं काही नको. साधी पांढरी वडी पुरे.

डिस्टिल्ड वॉटर: दोन-तीन लिटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथं नुसतं "बॅटरीचं पाणी द्या" म्हणू नका. ॲसिडचा कॅनही त्याच फळीवर असतो. सीलबंद डबा घ्या, लेबल वाचा आणि पोरांना आणायला पाठवू नका. पावसाळ्यात सोय आणखी सोपी: पाऊस सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला की उघड्यावर, पत्र्याखाली नव्हे, स्वच्छ पातेलं ठेवा.

बाकी: मेडिकलमधून नव्या ५ मिलीच्या सिरिंज (सुया दुकानातच ठेवायला सांगा), मोजपात्र, आणि एकाच मापाच्या २०० मिलीच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, झाकणासकट. चंचुपात्र आणि स्पिरिटचा दिवा असेल तर उत्तम. तोलायला किराणा दुकानाचा काटा चालणार नाही. लॅबचा काटा बिघडलेला असतोच, म्हणून मी सरळ सोनाराकडे जातो. शाळेचं काम म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

आदल्या दिवशी, शिक्षकानं करायचं काम

साबणाचं द्रावण आधी. वडी किसणीवर किसा, ५ ग्रॅम कीस तोला. साधारण १०० मिली गरम डिस्टिल्ड पाण्यात तो हळूहळू ढवळत विरघळवा. उकळू नका, फेटू नका, नाहीतर फेसाचा डोंगर होतो आणि पातळी वाचता येत नाही. मग आणखी पाणी घालून एकूण ५०० मिली करा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी गाळ दिसला तर वरचं पाणी अलगद ओतून घ्या. डिसेंबर-जानेवारीत हे द्रावण सकाळी जेलीसारखं घट्ट होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतं.

आता ज्ञात पाणी. लॅबमधलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १.०० ग्रॅम घ्या. थोड्या डिस्टिल्ड पाण्यात कालवा आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं घाला. फसफसणं थांबून पाणी नितळ झालं की आम्लही थांबवा. पाच मिनिटं मंद उकळा म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. गार झाल्यावर लिटमस बुडवून बघा. लाल होत असेल तर विरल अमोनियाचे थेंब घालत उदासीन करा. ही पायरी चुकवू नका, कारण उरलेलं आम्लही साबण मोडतं आणि आकडा उगाच फुगतो. मग डिस्टिल्ड पाण्यानं बरोबर १ लिटर करा. या पाण्याचा जडपणा झाला १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. त्यातलं ३० मिली घेऊन १०० मिलीपर्यंत पातळ केलं की ३०० चं पाणी तयार. वर्गात हेच वापरायचं.

फळ्याचा खडू कुटून घेऊ का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. नको. हल्लीचे बरेचसे खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. लिंबू पिळून बघा, फसफसला नाही तर तो कार्बोनेट नाही.

कॅल्शियम कार्बोनेट मिळालंच नाही तर दुसरी वाट कृषी सेवा केंद्रातून जाते. कापसावर लाल्या आला की फवारतात ते मॅग्नेशियम सल्फेट आठवा. शेतीचा माल शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून शक्यतो मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट घ्या, पदार्थ तोच. २.४६ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवलं की १००० मिलिग्रॅमइतकाच जडपणा येतो. इथं आम्ल, उकळणं काही नाही. अडचण एकच: मॅग्नेशियम साबणाशी सावकाश वागतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

पाणी आणताना

ज्या बाटलीत पाणी आणायचं ती धुण्याच्या पावडरीनं घासलेली नको. एवढ्याशा उरलेल्या पावडरीनं फेस येतो आणि सगळा हिशोब खोटा पडतो. नुसत्या पाण्यानं विसळा आणि जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं आणखी तीनदा खळखळवा. बोअरची मोटर चालू झाल्यावर चार-पाच मिनिटं पाणी जाऊ द्या, हापसा वीस-पंचवीस वेळा मारा, मग भरा. टाकीत दोन दिवस साठलेलं पाणी ‘बोअरचं’ म्हणून आणू नका. बाटलीवर पट्टी चिकटवून ठिकाण, तारीख आणि किती फूट बोअर आहे ते लिहायचं. घरमालकाचं नाव लिहू देऊ नका. "तुमच्या घरचं पाणी घाण" असली भांडणं मधल्या सुट्टीत पेटतात, अनुभव आहे.

तासाला

वर्गाचे पाच-सहा गट करा. प्रत्येक गटात एक जण सिरिंज धरणारा, एक हलवणारा, एक घड्याळ बघणारा, एक लिहिणारा. बाकीचे सल्ले देतातच.

बाटलीत २० मिली नमुना घ्या. सिरिंजमध्ये साबणाचं द्रावण भरा. अर्धा मिली टाका, झाकण लावा, वीस वेळा जोरात हलवा. सगळ्या गटांनी वीसच, आणि वरखाली. नुसतं गोल फिरवणं नाही. मग बाटली बाकावर आडवी ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे अखंड फेस आला आणि तो दोन मिनिटं फाटला नाही तर मोजणी संपली. नाही टिकला तर पुन्हा अर्धा मिली. प्रयोगशाळेत पाच मिनिटं थांबतात, पण चाळीस मिनिटांच्या तासाला ते परवडत नाही. सगळ्यांनी दोनच मिनिटं धरली तर तुलनेला बाधा येत नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा फेसाऐवजी पाणी दुधाळ होतं, मग त्यात दही फुटल्यासारखे कण दिसतात. पोरांना हे आवडतं. तिथं घाई करू नका. बाटलीला चिकटलेला थर बोटानं चोळून बघू द्या, न्हाणीतल्या बादलीची आठवण त्यांनाच येते. फेसाचे बुडबुडे येऊन लगेच विरायला लागले की अर्ध्या मिलीवरून ०.२ मिलीवर या, शेवटी थेंबावर.

आता तो मॅग्नेशियमचा खोडसाळपणा. कधी कधी फेस येतो, छान टिकल्यासारखा वाटतो आणि मिनिटाभरात सपाट होतो. गट "झालं, झालं" म्हणून ओरडतो. तो खोटा शेवट असतो: कॅल्शियम संपलेलं असतं, पण मॅग्नेशियम अजून साबण खात असतं. म्हणून फेस आल्यावर आणखी वीसदा हलवून पुन्हा दोन मिनिटं बघायचं, हा नियम फळ्यावरच लिहून ठेवा. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात मॅग्नेशियम असतंच, तेव्हा हा प्रकार हटकून भेटतो.

क्रम असा ठेवा. पहिली बाटली डिस्टिल्ड पाण्याची. तिलाही थोडा साबण लागतोच, कारण फेस उभा राहायलाच काहीतरी लागतं. दुसरी ३०० च्या ज्ञात पाण्याची. त्यानंतर गावातलं पाणी. ७ मिली साबण टाकूनही फेस टिकत नसेल तर थांबा. साका इतका होतो की खरा फेस कुठला ते कळत नाही. तो नमुना टाकून द्या, १० मिली पाणी आणि १० मिली डिस्टिल्ड असं मिसळून नव्यानं करा आणि शेवटी उत्तराची दुप्पट करा.

हिशोब

शुद्ध त्रैराशिक आहे, सातवीचं पोरगं करतं. समजा डिस्टिल्डला ०.४ मिली लागलं आणि ज्ञात पाण्याला ४.९. फरक ४.५ मिली, म्हणजे ३०० जडपणाला ४.५ मिली साबण. नळाच्या पाण्याला ३.१ लागलं: ०.४ वजा केले, २.७ राहिले, जडपणा १८०. जारच्या पाण्याला ०.९ लागलं: फरक ०.५, जडपणा ३३. हापशाचं पाणी निम्मं पातळ करून ५.० लागलं: फरक ४.६, म्हणजे ३०७, दुप्पट करून ६१३.

आणि इथं मास्तरांनी आवर घालायचा. ६१३ मधला १३ काही खरा नसतो. या पद्धतीत पन्नासाचा फरक सहज पडतो, म्हणून वहीत ‘सुमारे ६००’ लिहायचं. प्रत्येक नमुना दोन गटांना द्या. दोघांचे आकडे शंभरानं वेगळे आले तर तिसऱ्यांदा करा.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपलं हापशाचं उदाहरण नेमकं सीमेवर बसलं. अशा वेळी साबणावर निकाल द्यायचा नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणी संच द्यायची योजना आहे. तुमच्या ग्रामपंचायतीकडे तो संच असेल तर त्या ताईंनाच वर्गावर बोलवा. त्यांचा आकडा आणि पोरांचा आकडा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिला की तास आपोआप रंगतो.

आणखी एक हिशोब मी हमखास करायला लावतो. १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतक्या जडपणाला साधारण ६ मिलिग्रॅम शुद्ध साबण लागतो. ६०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीत १२ ग्रॅम जडपणा. म्हणजे त्या अख्ख्या बादलीत फेस आणायचा तर आधी ७० ग्रॅमच्या वर साबण नुसता साका होऊन जाईल; अंगाच्या वडीचा मोठा तुकडाच. अख्ख्या बादलीत कुणी साबण कालवत नाही हे खरं, पण घरात वड्या भराभर का संपतात याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

उकळून पुन्हा एकदा

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी हे कराच. हापशाचं १०० मिली पाणी दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, फिल्टर पेपरनं किंवा चौपदरी सुती कापडानं गाळा आणि डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा बरोबर १०० मिली करा. वाफ होऊन गेलेलं पाणी भरून काढलं नाही तर जडपणा मुळापेक्षा जास्त दिसायचा धोका. मग तीच मोजणी. समजा आता निम्म्या पातळ नमुन्याला ३.२ मिली लागलं: फरक २.८, दुप्पट करून ३७३. कमी झालेला २४० हा तात्पुरता जडपणा, बायकार्बोनेटचा, जो उकळल्यावर कार्बोनेट होऊन तळाला बसला. उरलेला कायमचा, क्लोराइड आणि सल्फेटचा. (मॅग्नेशियम उकळून सगळं बसत नाही, त्यामुळे ही विभागणी ढोबळच.)

पातेल्याच्या तळाशी राहिलेला पांढरा थर फेकू नका. त्यावर लिंबू पिळा, फसफसेल. पाणी तापवायच्या रॉडवरचं पांढरं कवच, कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात चढणारी खरड, ठिबकच्या नळ्यांची तोंडं बुजवणारा क्षार ही सगळी एकाच कुळातली. ठिबकला आम्ल सोडून का धुतात, हे शेतकऱ्याच्या पोराला इथं एका झटक्यात समजतं.

धुण्याचा सोडा टाकून काय होतं तेही बघा: चिमूटभर सोडा, दहा मिनिटं थांबा, गाळा, मोजा. साबण एकदम कमी लागतो. तुरटीनं मात्र जडपणा जात नाही. ती गढूळपणा खाली बसवते, एवढंच. गावात याबद्दल मोठा गैरसमज आहे, करून दाखवा.

काय सांगू नये

फेस छान आला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं एकाही पोरानं घरी जाऊन सांगता कामा नये. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यांतलं काहीच साबणाला कळत नाही. उलट, जड पाणी म्हणजे विषही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. डाळ शिजत नाही, साबण जातो, भांडी-नळ खराब होतात, या तक्रारी खऱ्या आहेत. आणि आरओ विकायला येणारा माणूस पाण्यात दोन सळया सोडून, वीज लावून तपकिरी गाळ दाखवतो तेव्हा तो गाळ बराचसा त्याच्याच लोखंडी सळईचा असतो, हेही याच तासाला सांगून टाकावं.

फार खारट बोअरला ही पद्धत दगा देते. मीठ जास्त असलं की साबण विरघळायचाच कमी होतो आणि आकडा वाढीव येतो. चवीला स्पष्ट खारट लागणारा नमुना (चव पोरांनी घ्यायची नाही, घरचे काय म्हणतात तेवढं विचारायचं) सरळ प्रयोगशाळेकडे.

तेच पाच स्रोत वर्षातून दोनदा मोजा, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधी. विहिरीचा आकडा जास्त हलतो की बोअरचा, हे आधी ओळखायला सांगून मग मोजा. ज्ञात पाणी झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलं तर तोवर टिकतं. साबणाचं द्रावण टिकत नाही, ते दर वेळी नवं करायचं, आणि नवं केलं की डिस्टिल्ड आणि ३०० ची बाटली पुन्हा पहिल्यापासून मोजायची.